मार्ग, दप्तर आणि दस्तक : प्रस्तावना

विकेंद्रित संपर्कजाळी, ब्लॉकचेन आणि अनामिकतेचे तंत्र या तिन्हींचा उल्लेख अलीकडे वर्तमानपत्रांतून, व्याख्यानांतून आणि गुंतवणुकीच्या जाहिरातींतून इतक्या वेळा एका दमात होतो की, ही एकाच शोधाची तीन नावे असावीत असा सामान्य वाचकाचा ग्रह झाला तर त्यात त्याचा दोष नाही. तिन्हींचा जन्म मध्यस्थाविषयीच्या अविश्वासातून झाला हे खरे. परंतु तो मध्यस्थ तिन्ही ठिकाणी निरनिराळा आहे. निरोप कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट कोणाच्या ताब्यात आहे, हा पहिल्या तंत्राचा प्रश्न. झालेल्या व्यवहाराची नोंद कोणाच्या दप्तरात राहते आणि ती मागाहून फिरविता येते का, हा दुसऱ्याचा. आणि बोलणारा कोण, घेणारा कोण, हे जाणून घेण्याचा अधिकार कोणाला असावा, हा तिसऱ्याचा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटविल्यामुळे कित्येकांचे पैसे बुडाले आहेत, कित्येक सरकारी योजना भलत्याच दिशेला गेल्या आहेत, आणि ज्या प्रश्नाची निकड सर्वांत मोठी त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे, असे माझे मत आहे. पुढील प्रकरणे त्या मताच्या समर्थनार्थच लिहिली आहेत.

दापोली तालुक्यातील हर्णे बंदरात बसून लिहिणाऱ्याला यांपैकी पहिला प्रश्न निकडीचा वाटावा, याचे कारण पुस्तकी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. हर्णे, आंजर्ले, केळशी, मुरूड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, आणि मोबाइलचे मनोरे, ज्यांच्या बॅटऱ्या आणि जनरेटरचे डिझेल थोड्या वेळापुरतेच पुरते, ते एकामागून एक मुके झाले. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईच्या खोल्यांत अडकलेल्या चाकरमान्यांना गावाकडे आईबाप सुखरूप आहेत की नाहीत, घरावर कौले राहिली की नाहीत, हे कळण्यास कित्येक दिवस लागले. काही वाड्यांत वीज परतण्यास तर कित्येक आठवडे गेले. त्या दिवसांतील एक गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखविली नाही. लोकांच्या हातातले फोन बिघडलेले नव्हते. ज्याच्या फोनात थोडी बॅटरी शिल्लक होती त्याच्यापाशी संदेश पाठविणारे आणि घेणारे शाबूत यंत्र होते, तसेच ते पलीकडच्या वाडीतही होते. तरीही या वाडीचा निरोप त्या वाडीला जाऊ शकत नव्हता, कारण आपल्या मोबाइलच्या रचनेत शेजाऱ्याला केलेला फोनसुद्धा आधी मनोऱ्याकडे, तेथून दूरच्या शहरातील केंद्राकडे, आणि मग त्याच वाटेने परत शेजाऱ्याकडे येतो. मधला मनोरा पडला की शंभर पावलांवरचा माणूसही परदेशी होतो.

या दौर्बल्याचे निदान फार जुने आहे. अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेत पॉल बॅरन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधमालेत तीन प्रकारच्या जाळ्यांच्या आकृती काढल्या होत्या : एकाच केंद्राला सर्व टोके जोडलेली, अनेक उपकेंद्रांची, आणि जिच्यात केंद्रच नाही अशी मासे धरण्याच्या जाळ्यासारखी सर्वत्र सारखी विणलेली. शेवटच्या प्रकारात प्रत्येक गाठ आपल्या चार-दोन शेजारणींशी बांधलेली असते. निरोपाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा मिळेल त्या वाटेने पुढे ढकलला जातो, आणि गाठींचा बराच मोठा भाग नष्ट झाला तरी उरलेल्या एकमेकींशी बोलू शकतात, हे बॅरन यांनी गणिताने दाखविले. अणुयुद्धाच्या भयातून निघालेली ही कल्पना त्या काळच्या बलाढ्य टेलिफोन कंपनीने अव्यवहार्य म्हणून बाजूस सारली. परंतु निरोपाचे तुकडे करण्याची युक्ती टिकली, २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तिच्या आधारे कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये पहिला संदेश गेला, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने जे इंटरनेट भारतीय जनतेस खुले केले ते त्याच वंशातले. वंश तोच असला तरी अंगलट बदलली होती. इंटरनेटचे नियम विकेंद्रित राहिले, पण त्याच्या तारा, मनोरे आणि साठवणुकीची गोदामे थोड्या हातांत आणि थोड्या ठिकाणी एकवटत गेली. भारताच्या बहुतेक सागरी तारा मुंबई आणि चेन्नई या दोनच शहरांच्या किनाऱ्यांवर उतरतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या तारा तुटल्या तेव्हा बंगळूर-मुंबईतील कार्यालये मंदावली ती याचमुळे.

विकेंद्रित जाळ्याची कल्पना आपल्याकडे परकी मानण्याचे कारण नाही. हर्ण्याहून खोल समुद्रात गेलेल्या होड्या मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेल्या की व्हीएचएफ वायरलेसवर बोलतात. तेथे मनोरा नाही, केंद्र नाही, मासिक वर्गणी नाही, आणि सोळाव्या चॅनलवर संकटाची हाक आली तर जो कोणी टप्प्यात असेल त्याला ती ऐकू येते. जमिनीवरचा याहून शास्त्रशुद्ध प्रयोग पालघर जिल्ह्यात झाला. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली ग्राममार्ग या प्रकल्पाने दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या लहरींचा उपयोग करून खेड्यांपर्यंत इंटरनेट नेले. या लहरी झाडीतून आणि टेकाडांच्या आडून बऱ्याच सहजपणे जातात, म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांचे मोल विशेष. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पास पहिला पुरस्कार मिळाला. मला त्यातील लहरींपेक्षाही त्याची व्यवस्था महत्त्वाची वाटते : सरकार आणि खाजगी उद्योग यांच्या जोडीला पंचायतीनेही भांडवलात वाटा उचलावा आणि गावातल्याच तरुणाने यंत्रांची देखभाल करावी, अशी ती योजना होती. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात २००४ पासून ग्विफी नावाचे जाळे याच तत्त्वावर शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी आणि नगरपालिकांनी मिळून उभे केले. गावाच्या मालकीचा मनोरा पडला तर तो उभा करण्याची घाई गावालाच सर्वांत अधिक असते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकारलाही ही गोष्ट उशिरा का होईना उमगली आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याची भारतनेट योजना २०११ मध्ये मंजूर झाली तेव्हा तंतू तालुक्यापासून गावोगाव एका रेषेत टाकले गेले, त्यामुळे एका ठिकाणी खोदकामात तो तुटला की पलीकडची सर्व गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली, तीत ही रेषा वळवून तिचे कडे करण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटले तर निरोप दुसऱ्या बाजूने फिरून येईल. बॅरन यांच्या जाळ्यापुढे हे कडे अपुरे आहे. तरी रेषेपेक्षा ते शतपटीने बरे.

आता दुसरा प्रश्न, दप्तराचा. ब्लॉकचेन म्हणजे निरोप पोहोचविण्याचे साधन नव्हे; निरोप पोहोचत असेल तरच चालणारी ती नोंदवही आहे, आणि ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर तिच्याविषयीचे निम्मे गैरसमज दूर होतात. नोंदवहीचा इतिहास मात्र आपल्या प्रांतात संपन्न आहे. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा तंटा निघाला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही साक्षीला येत, निवाड्याचा महजर लिहिला जाई, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याची निशाणी करीत : कुणबी नांगराची, वाणी तराजूची. मागाहून कोणी तो निवाडा नाकारू लागला तर एका कारकुनाला फोडून भागत नसे. त्याला साऱ्या गोताला खोटे ठरवावे लागे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदांत असे महजर विपुल आहेत. याच्या उलट कोकणातील खोतीचा अनुभव. वसुलाचे दप्तर जेथे वसूल करणाऱ्या खोताच्याच घरी, तेथे कुळाने काय भरले आणि काय राहिले हे खोत सांगेल ते खरे. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत रद्द झाली, त्यामागे जमिनीच्या हक्काबरोबर या दप्तराच्या मक्तेदारीचाही सल होता.

साक्षीदारांची संख्या वाढवून नोंद अढळ करावी, हेच तत्त्व स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये संगणकीय कागदांना लावले. प्रत्येक दस्तऐवजाचा एक संक्षिप्त अंकठसा काढायचा, त्यात आधीच्या दस्तऐवजाचा ठसा मिसळायचा, आणि अशी गुंफण करायची की मधला एक कागद बदलला तर पुढचे सर्व ठसे जुळेनासे व्हावेत. पुढे त्यांनी हे ठसे न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात म्हणून छापून आणले. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती हेच साक्षीदार. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात यापुढची पायरी होती. गोतसभेत सर्व एकमेकांस ओळखीत. इंटरनेटवर कोणी कोणास ओळखत नाही, आणि एकाच माणसाने हजार नावांनी सभेत येऊन बसावे आणि बहुमत आपले म्हणावे, याला अडसर नाही. बिटकॉइनने तो अडसर गणिती परिश्रमाचा घातला : ज्याला नोंदवहीचे पुढचे पान लिहायचे असेल त्याने संगणकाकडून प्रचंड आकडेमोड करून घेतली पाहिजे, म्हणजे हजार नावे घेऊन येणाऱ्यास हजार यंत्रांची वीज जाळावी लागेल. युक्ती विलक्षण आहे, आणि तिची किंमतही तशीच. एक पान लिहिण्यास सुमारे दहा मिनिटे लागतात, आणि साऱ्या जगातून सेकंदाला सातएक व्यवहारांपलीकडे ती वही जात नाही. उलट राष्ट्रीय देयक निगम या एकाच मध्यवर्ती संस्थेच्या देखरेखीखाली चालणाऱ्या यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. मध्यस्थ विश्वासू असेल आणि त्याच्यावर कायद्याचा अंकुश असेल, तर त्याला काढून टाकण्यासाठी एवढा खर्च करण्याचे प्रयोजन नाही, हे मी स्पष्टपणे लिहितो. गोतसभेतही वतनदारांचा शब्द बलुतेदारांहून जड होता. तसाच ज्याच्यापाशी यंत्रे अधिक त्याचा शब्द या नव्या सभेत जड होतो, हेही झाकून ठेवण्यासारखे नाही. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या नोंदवहीने सप्टेंबर २०२२ मध्ये परिश्रमाची अट सोडून ठेवीची अट धरली. त्याने विजेचा नाश थांबला. ठेव मात्र धनिकापाशीच अधिक असते.

ब्लॉकचेनचा उपयोग महाराष्ट्रात झाला तो चलनापेक्षा प्रमाणपत्रांसाठी, आणि तो मला अधिक समंजस वाटतो. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली या दुर्गम उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांचे अंकठसे पॉलिगॉन या नोंदवहीवर चढविण्यात आले. आश्रमशाळेतून निघालेल्या मुलाचे प्रमाणपत्र खरे की बनावट, हे नागपूर-पुण्यातील महाविद्यालयास आता तालुक्याच्या कचेरीला पत्र न पाठविता पडताळता येते. परंतु ठसा जुळला म्हणजे कागद बदललेला नाही एवढेच सिद्ध होते, तो प्रथम लिहिताना खरा लिहिला होता हे नव्हे. हर्ण्यालगतच्या मुरूडचे महर्षी कर्वे लहानपणी परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून पायी साताऱ्यास गेले आणि ‘वय कमी दिसते’ एवढ्या कारणावरून तेथून परत पाठविले गेले, ही गोष्ट आमच्या भागात सर्वांस ठाऊक आहे. नोंद करणाऱ्याची नजर आणि त्याचा पूर्वग्रह यांवर कोणत्याही नोंदवहीत इलाज नाही.

आपल्या तलाठ्याच्या फेरफार वहीकडे या दृष्टीने पाहिले तर आश्चर्य वाटते. फेरफारांना ओळीने क्रमांक पडतात. झालेली नोंद खोडायची नसते, नव्या फेरफाराने दुरुस्त करायची असते. जुन्या खातेदाराच्या नावाला सातबाऱ्यावर कंस होतो, ते नाहीसे होत नाही. आणि नोंद पक्की होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवलेले असतात. ब्लॉकचेनचा गाभा तो हाच. उणीव आहे ती वही एकाच कचेरीत असण्याची, आणि त्या कचेरीतल्या माणसावर गावाची नजर नसण्याची.

तिसऱ्या प्रश्नाला आमच्या बंदरासमोरच एक वास्तू साक्षी आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. पोर्तुगीज आपल्या परवान्यावाचून जहाजे जाऊ देत नसत. कान्होजी आंग्र्यांनी तोच अधिकार स्वराज्याचा म्हणून सांगितला आणि आपल्या दस्तकावाचून फिरणारी गलबते पकडली. इंग्रजांना ते मान्य नव्हते. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या संमतीने सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा समुद्रावर ‘तू कोण’ असे विचारण्याचा हक्क कोणाचा, हा वादही तोफांनी मिटला. अनामिकतेच्या तंत्राचा विषय हाच हक्क.

या तंत्राची उपपत्ती डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये मांडली, आणि तिचे आजचे प्रसिद्ध रूप म्हणजे टॉर. त्यामागील पद्धत नव्वदीच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत आकारास आली. पाठविणाऱ्याचा निरोप कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक सांकेतिक वेष्टनांत गुंडाळून तीन अपरिचित संगणकांतून नेला जातो. पहिल्यास पाठविणारा माहीत असतो पण मुक्काम नाही, शेवटच्यास मुक्काम माहीत असतो पण पाठविणारा नाही, मधल्यास दोन्ही नाही. नौदलाने आपले हे गुपित जगास खुले का केले, याचे उत्तर मननीय आहे : जाळे फक्त नौदलाने वापरले असते तर त्यातून येणारा प्रत्येक निरोप नौदलाचाच, हे उघड झाले असते. गर्दीवाचून लपता येत नाही. म्हणून हेराला पत्रकार हवा, पत्रकाराला सामान्य वाचक हवा, आणि दुर्दैवाने या गर्दीत गुन्हेगारही शिरतो. २०१३ मध्ये बंद पाडलेला सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार याच जाळ्यावर चालत होता. तेवढ्यावरून अनामिकता हेच पाप ठरविणाऱ्यांनी आपली मतपेटी आठवावी. आपल्या राज्यव्यवस्थेचा पायाच गुप्त मतदानावर आहे, आणि अत्याचारपीडितेचे नाव छापू नये असे आपला कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो या परंपरेला धरूनच.

तिन्ही तंत्रे एकमेकांची मित्र असतात, हा समज येथे तपासून पाहावा. बिटकॉइन अनामिक आहे असे समजून अनेकांनी त्यातून काळा व्यवहार केला. वास्तविक त्याची वही जगाला कायमची उघडी असते, नावांच्या जागी टोपणनावे असतात एवढेच, आणि एका टोपणनावाचा धनी सापडला की त्याचे मागचे सर्व व्यवहार पानापानावर वाचता येतात. जी नोंद कधीच पुसता येत नाही तिचे, नागरिकास आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देणाऱ्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याशी जमणे कठीण. टॉरलाही आपल्या वाटाड्यांची यादी ठेवण्यासाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या विश्वासू संगणकांवर विसंबावे लागते. म्हणजे अनामिकता मिळाली ती थोडे केंद्रीकरण पत्करून. आणि होड्यांचा वायरलेस पूर्ण विकेंद्रित, पण त्यावर गुप्त काहीच नाही. म्हणूनच हर्ण्याच्या वाळूवरील लिलावात मासळीचा भाव सर्वांसमक्ष मोठ्याने बोलला जात असला, तरी ती मासळी जेथे लागली ती जागा शहाणा तांडेल वायरलेसवर सांगत नाही. काय उघड असावे आणि काय झाकलेले, हे त्याला यंत्राने शिकविलेले नाही.

पुण्यात २०१८ मध्ये पोलिसांनी उघडकीस आणलेल्या बिटकॉइन-गुंतवणुकीच्या मोठ्या फसवणुकीत लोक बुडाले ते गणितावर विश्वास ठेवून नव्हे, दरमहा ठरावीक परतावा देण्याची हमी देणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवून. ज्या तंत्राने मध्यस्थ नाहीसा व्हायचा त्याच तंत्राच्या नावाने नवा मध्यस्थ उभा राहिला. या पुस्तकात गुंतवणुकीविषयी एकही प्रकरण नाही, ते याचसाठी.

नोंदवहीच्या तंत्रासाठी भांडवल धावून येते, कारण तिच्यातून चलन निघते. अनामिकतेसाठी थोडे तरी निष्ठावंत कार्यकर्ते आहेत. गावाच्या वाटेसाठी मात्र गावाशिवाय कोणी नाही. म्हणून पुढील प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक पाने मी जाळ्यांना दिली आहेत, आणि त्यांतील यंत्रांची वर्णने दहावी झालेल्या मुलास समजतील अशी ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. किनाऱ्यावरील वाचकांना माझी एकच विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत : आपल्या गावात येणारा तंतू एकाच बाजूने येतो की दोन्ही बाजूंनी, मनोऱ्याची वीज गेल्यावर तो किती तास चालतो, आणि दोन्ही बंद पडले तर एका वाडीचा निरोप दुसऱ्या वाडीला पोहोचविण्याचे कोणते साधन पंचायतीपाशी आहे.